खेकड्याच्या पाठीतलं पिवळं

मायची अन्नावरची वासनाच गेली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन वाढलं तरच पुढचं औषध देता येईल.

त्याच सुमारास परभणीत पोषणावर एक व्याख्यान होतं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि एकमेकांचा परिचय आटोपल्यावर वक्ते विषयाकडे आले. खेकडा, झिंगा, शिंपला यांच्या मांसात चरबी अगदी थोडी असते, पण जी असते ती हृदयाला मानवणारी. आमच्याकडे यातलं काय मिळेल, असं मी विचारलं. त्यांनी कॅप्सूल सुचवली. समुद्र लांब आहे, औषधाचं दुकान कोपऱ्यावर.

घरी मावशी मायजवळ बसली होती. तिला हे सांगितलं.

"ताडकळसच्या बाजारात नदीचे खेकडे येतेत की. पण आवस होऊ दे. पुनवंचं खेकडं नुसतं कवच. तुझ्या भाषणवाल्यावाणी."

चांदण्यात खेकडा चरायला बाहेर पडत नाही, म्हणून पोकळ राहतो, असं आमच्याकडे मानतात. माझा यावर काडीचा विश्वास नाही. तरी थांबलो. औषधं थकली की शिकलेला माणूसही कालनिर्णय बघतो.

आवसेनंतरच्या बाजारातून खेकडे आणले. मावशीनं नांग्या पाट्यावर कुटल्या, फडक्यातून गाळून रस्सा केला. पाठीच्या कवचाखालचं पिवळं, म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, वेगळं शिजवून वाटीत काढलं. आमच्या घरात ही वाटी आधी वडिलांची, ते गेल्यावर माझी. माय पाय चोखत बसायची. पिवळं आपल्याला उग्र लागतं, म्हणायची.

त्या दिवशी वाटी पहिल्यांदा तिच्यापुढे आली. चमच्याच्या टोकावर तिनं थोडं घेतलं आणि डोळे मिटले.

"लय ग्वाड हाय की."

"उग्र न्हाई लागत?" मी विचारलं.

"आधी कवा खाल्लं व्हतं म्या?"

मावशी उठून चुलीकडे गेली. मायनं वाटी माझ्याकडे सरकवली. "तू खा. लय वाळलास."

"माय, तुझ्यासाठी आणलंय."

"माझं झालं."

मी बराच वेळ चमचा तिच्या तोंडाशी धरून बसलो. पिवळं गार होऊन थिजलं. शेवटी मीच खाल्लं, कारण ते खाल्लेलं बघेपर्यंत ती डोळे मिटायला तयार नव्हती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी काटा पाहिला आणि औषधाचा विषय काढला नाही.