पाठीवरचा पंप

कपाळावर आडवा हात धरायचा, मान वर करायची आणि म्हणायचं, "अव माय!" माझ्या बायकोची ही जन्माची सवय. तिचं नाव मी कधी घेतलं नाही, आता कागदावर काहून घेऊ?

शेवटच्या सकाळीही हात तसाच कपाळावर. बार्शीटाकळीच्या अलीकडं आमची काळी जमीन आहे. तूर फुलावर होती आणि अळी पडली होती. आम्ही दोघं बांधावर बसून भाकर-ठेचा खात होतो आणि समोर तुरीवर फवारणीचं ड्रोन फिरून राहिलं होतं. चहूकडं पंखे, पोटाखाली औषधाची टाकी. ओळीच्या टोकाला गेलं की आपलं आपण वळे.

"अजी, पायता का? बैलाले फिर म्हणा लागते. याले कोण सांगते?"

"त्या शेजारच्या पोरीनं पहिलेच सांगून ठेवलं त्याले."

"अन् ते ध्यानात ठेवते?"

"ठेवते."

"मंग तुमच्यापेक्षा बरं हाये."

तिला ते मशीन एवढं काहून आवडे, हे समजायला पंपाची गोष्ट ऐका. पाठीवर बांधायचा फवारणीचा पंप तुम्ही पाहिला असेल. पण तो भरून उन्हात पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, चाललात का कधी? औषध गळते, पाठ भिजते, वारा फिरला की सगळं तोंडावर. मी असाच एकदा पऱ्हाटीत पडलो. तोंडाला फेस आला. तिनं बैलबंडी जुंपली, मला सडकेपर्यंत आणलं, तिथून अकोल्याच्या दवाखान्यात. वाचलो.

घरी आल्यावर फवारणीचा दिवस आला. मी पंप घ्यायला गेलो तर पंप तिच्या पाठीवर.

"ठेव खाली," मी ओरडलो.

"नाही ठेवत. तुमी गेले तं मले कोण हाये? मी गेली तं तुमाले लोक भाकर तरी देतीन."

मी भांडलो. शिव्या दिल्या. पट्टा धरून ओढला. बाई हलली नाही. एवढीशी बाई, भरलेल्या पंपाखाली मागून पायच तेवढे दिसत. तोंडाला पदर बांधून ती ओळीमागून ओळ चाले. संध्याकाळी आंघोळ केल्याशिवाय घरात पाय ठेवत नसे. तरी भाकरीला औषधाचा वास येई. मी ती खाई. पुढं तिला खोकला लागला. डॉक्टर म्हणे, औषधाजवळ जाऊ नका. ती म्हणे, "डॉक्टरले सांगा, अळीले सांगून ये."

मग गावात बचत गटाचं ड्रोन आलं. शेजारच्या घरची सून, तीच ही पोरगी, ते उडवायचं शिकून आली होती. पंपाला दिवस लागे, ते काम हे मशीन चहा उकळेपर्यंत करते, असं ती सांगे. गावात कोणाचा भरवसा नव्हता. पहिलं बोलावणं आमच्या घरून गेलं.

मशीन शेतात उतरलं तेव्हा ही ताट घेऊन उभी. हळद, कुंकू, नारळ. नवा बैल दारात आला की आपण ओवाळतो, तसं तिनं त्याला ओवाळलं. मग त्याचं कपाळ शोधलं, बोटभर कुंकू घेतलं आणि दाबून लावलं. पोरीनं हातातल्या डब्याचं बटन दाबलं. मशीन उठेना. डबा नुसता टीं टीं बोंबले.

पोरगी वाकून पाहते तर काय! "मोठीमाय, आंधळं केलं न तुमी त्याले! तो डोळा हाये त्याचा!"

मी हसून हसून खाली बसलो. ही मात्र गोरीमोरी झाली. स्वतःच्या पदरानं डोळा पुसला आणि मशीनला हात जोडून म्हणाली, "चुकलं रे बाप्पा. पाह्य आता." मग ते उठलं. धूळ उडाली, हिचा पदर उडाला. वरून औषध असं पडत होतं जसं धुकं. आणि खाली पऱ्हाटीत माणूस नव्हता. एकही माणूस नव्हता! मी म्हातारा झालो, पण असं फवारलेलं शेत पाहिलं नव्हतं.

तरी मशीन उतरल्यावर तिनं पोरीला विचारलंच, "पंपासाठी गुंडा-घागरीनं पाणी वाहणाऱ्या बाया होत्या आमच्या. त्यायनं आता काय करावं?"

पोरगी मशीनची टाकी धुवायला लागली.

"याचा डोळा पीक पायते," ही म्हणाली. "माणूस आपल्यालेच पाहा लागते." आणि त्याच बायांना तिनं वांग्याच्या निंदणाला बोलावलं. त्या दिवशी मी तिच्याकडं पाहत राहिलो. मशीनकडं पाहिलं त्याहून जास्त.

तर त्या शेवटच्या सकाळी अर्धी तूर झाली आणि वारा सुटला. पोरीनं मशीन उतरवलं. बाकीचं उद्या म्हणाली. आम्ही घरी आलो. दुपारी हिचा दम उखडला. ऑटोत घातलं. अकोला यायच्या आधीच तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. दवाखान्यात म्हणाले, छाती आतून कधीचीच गेली होती. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बसायला आले. पोरगी रडत होती. म्हणाली, "मोठेबाबा, राहिलेली तूर तेरवी झाल्यावर करू."

तिचा नवरा भला माणूस. म्हणाला, "तवरिक अळी सगळं खाऊन टाकीन. मी मारून देतो पंपानं. तुमी बसा." आमच्या घरचं काम अंगावर घ्यायचं म्हणून त्यानं कोपऱ्यातला पंप उचलला आणि एक हात पट्ट्यात घातलाही.

मी उठलो. पंप त्याच्याकडून हिसकला. विळा घेतला आणि दोन्ही पट्टे कापले.

"मोठेबाबा, चांगला पंप होता न!"

"होता," मी म्हटलं. पोरीला म्हटलं, "मशीन आण."

"सुतकात?"

"अळीले सुतक नाही."

मग मी खराटा घेऊन शेतात गेलो आणि मशीन उतरायची जागा झाडून ठेवली.