एकच्या गाडीचा रिकामा डबा

कडेगावच्या एसटी स्टँडवर चंद्राबाईला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. साडेआठची सांगली गाडी लागायच्या आधी ती तिथं हजर असायची. हातात निळ्या कापडाची पिशवी, पिशवीत चार पुडांचा डबा. अर्जुना कंडक्टर पिशवी घेऊन ड्रायव्हरच्या मागच्या खुंटीला अडकवायचा.

"वैनी, आज काय हाय? वासानं माझं तिकिटावर ध्यान लागंना झालंय."

"नजर लावू नगा, भावजी. माझी संयू माझ्या हातच्याशिवाय घास उचलत न्हाई."

"नशीबवान हायसा. आमची कारटी चायनीजच्या गाड्यावर पडीक असत्यात."

हे वाक्य ऐकलं की चंद्राबाईचा दिवस चांगला जायचा.

संयोगिता म्हणजे तिची एकुलती एक लेक. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. सागरेश्वरला किती सोमवार धरले, किती वेळा अनवाणी चालत गेली, मग ही पोर झाली. नवरा लालासाहेब फौजेत. वर्षातून दीड-दोन महिने घरी, बाकी सगळा फोनवरचा संसार. त्यामुळं घरात मायलेकी दोघीच. बारावीपर्यंत पोर आईच्या कुशीत झोपली. सहावीत एकदा शाळेची सहल निघाली होती, पन्हाळ्याला. चंद्राबाई 'जाऊ नको' म्हणाली नाही. ती फक्त त्या दिवशी चुलीपाशी बसून राहिली आणि म्हणाली, "तू जा बाई. तू परत येस्तवर मी काय पाणीसुदिक घ्यायची न्हाई, पर तू जा." पोर सहलीच्या गाडीपर्यंत गेली आणि दप्तर घेऊन माघारी आली. चंद्राबाईनं तिला पोटाशी धरलं. पुढं कितीतरी वर्षं ती ही गोष्ट बायकांत कौतुकानं सांगायची.

पोरगी सांगलीला बीएस्सीला गेली, कॉलेजच्या होस्टेलवर राहिली. तिथं मेस होती. पण चंद्राबाईनं जाऊन मेसमधली आमटी बघितली आणि तोंड वाकडं केलं. त्याच सोमवारी सागरेश्वरच्या पिंडीसमोर बसून तिनं नेम धरला. पोरीच्या पोटात माझ्या हातचं अन्न गेल्याशिवाय मी जेवणार नाही. आता पोर जेवली हे कळणार कसं? तर गाडी साडेदहाला सांगलीला पोचते, अकराला परत फिरते. त्याच गाडीनं रिकामा डबा एकच्या सुमाराला कडेगावात यायचा. चंद्राबाई तो उघडून बघायची, शेजारच्या रंगूबाईला दाखवायची, "बघा, शिताची खूण न्हाई," आणि मग आपलं ताट वाढून घ्यायची. दुपारी पोरीचा फोन. मीठ कसं होतं, भाजी कशी होती, सगळं विचारायचं. पोर नीट सांगायची. कधी म्हणायची, आज कांदा जरा कच्चा राहिला. चंद्राबाईला ते फार आवडायचं. पोर मन लावून जेवते असं वाटायचं.

लालासाहेब एकदा फोनवर म्हणाला होता, "अगं, तिला मेसमध्ये पोरींबरोबर जेवू दे की. मिसळंल, चार मैत्रिणी व्हतील." चंद्राबाई फणकारली, "तुमी हितं असता तर बोलला असता. आयचं काळीज तुमाला न्हाई कळायचं." त्यानं विषय सोडला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजातून फोन आला. आम्रपाली मॅडम म्हणून कुणी होत्या, मुलींच्या अडचणी बघणाऱ्या. "ताई, एकदा येऊन भेटा. संयोगिताला शक्यतो आधी सांगू नका." दुसऱ्या दिवशी ती साडेसहाच्या गाडीनं निघाली. पण निघताना डबा करून रंगूबाईच्या हाती द्यायला विसरली नाही. "साडेआठच्या गाडीत ठेवा. पोर उपाशी ऱ्हायला नगं."

मॅडम तिशीतल्या, साध्या कॉटनच्या साडीतल्या. त्यांनी हजेरीचा कागद पुढं केला. "पहिल्या तासाला असते. साडेदहाला प्रॅक्टिकल सुरू होतं, तेव्हा नसते. येते तेव्हा अर्धा वेळ गेलेला असतो. जूनपासून तिचं जवळजवळ एकही प्रॅक्टिकल झालेलं नाही. असंच राहिलं तर परीक्षेला बसता येणार नाही. कुणाशी बोलत नाही, डब्याला कुणाबरोबर बसत नाही. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, आईला सांगू नका, तिला त्रास होईल."

चंद्राबाईच्या मनात नको ते आलं. कुणीतरी पोरगा असणार. मग तिचा तोल गेला. "माझी पोर अशी न्हाई. तुमच्या होस्टेलातच कायतरी वंगाळ असंल. लेकरं तुमच्या भरवशावर धाडायची आन् तुमी कागद दाखवायचा?"

मॅडमनी कागद घडी करून बाजूला ठेवला.

"तुमाला पोरं हायत का?"

"नाहीत."

"मग तुमाला काय कळणार!"

बाजूच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर केली. मॅडमनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. "ताई, तुमचा चेहरा उतरलाय. सकाळपासून काही खाल्लंय का?"

"माझा नेम हाय," चंद्राबाई ताठ होऊन म्हणाली. "पोरगी जेवल्याचा रिकामा डबा घरी आल्याबिगर मी जेवत न्हाई."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे संयोगिताला माहीत आहे?"

"सगळ्या गावाला म्हाईत हाय."

मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. सव्वादहा वाजले होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती आत्ताच गेटबाहेर पडली असेल. तुम्हीच जाऊन बघा कुठं जाते ते. मी काही बोलत नाही."

गेटबाहेर पोर चालत निघालेली दिसली. खांद्याला सॅक, मान खाली. चंद्राबाईनं रिक्षा केली आणि लांबून मागं राहायला सांगितलं. आपल्याच पोरीच्या पाठीवर पाळत ठेवताना तिला कसंतरी झालं. सगळ्या वाटेत ती एकच बघत होती, कुठला पोरगा येतोय. कुणी आलं नाही. पोर एसटी स्टँडात शिरली आणि कडेगावची गाडी लागते त्या जागेसमोरच्या बाकावर जाऊन बसली.

चंद्राबाई बाकाजवळच्या खांबाआड उभी राहिली.

गाडी आली. अर्जुनानं पिशवी दिली. "आटप बाळ, आज गाडी लेट हाय. दहा मिंटात डबा दे," म्हणत तो चहाला गेला. पोरीनं पुडं उघडली आणि जेवायला लागली. जेवायला म्हणजे काय, घास कोंबायला लागली. दोन-तीन घासांतच थांबली, डोळे मिटले, पाणी प्यायली. तिचं मनगट चंद्राबाईनं पहिल्यांदाच नीट बघितलं. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात होता, तरी सैल होता.

मग स्टँड झाडणारी एक म्हातारी खराटा टेकवून बाकापाशी आली. पोरीच्या तोंडावर हसू आलं. एवढं मोकळं हसू चंद्राबाईनं कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं.

"ये बनुबाई. आज वांगं हाय."

"दे माय. तू कायच खाल्लं न्हाईस की गं आज बी."

"उतरत नाही. घड्याळाकडं बघितलं की घशात अडकतं. तिकडं प्रॅक्टिकल सुरू झालं असेल."

"मग जा की! डबा सांच्याला खाल्ला तर आय काय मारती व्हय?"

"मारत नाही गं. ती उपाशी बसते."

बनुबाईनं भाकरी मोडून वांग्याला लावली. पोर तिच्याकडं बघत होती. "कसं झालंय? सांग की, आई दुपारी विचारेल."

"ब्येस हाय. कूट जरा जास्तीचा झालाय."

"आणि मीठ?"

"मीठ बराबर."

पोर ते मनात घोकल्यासारखी ओठ हलवत होती. चंद्राबाईच्या कानांत गरम तेल पडल्यासारखं झालं. कांदा कच्चा राहिला. मेथी कडू लागली. डाळीला फोडणी छान बसली. रोज दुपारी ज्या शब्दांवर तिचं पोट भरायचं ते सगळे या म्हातारीचे शब्द होते. बनुबाईनं पुडं पुसून घेतली, पोरीनं नळावर धुतली. शिताची खूण नाही.

चंद्राबाई खांबाआडून कधी बाहेर आली तिचं तिलाच कळलं नाही. पोरीनं तिला बघितलं. चेहरा पांढरा झाला, आणि दुसऱ्याच क्षणी ती हसली. "आई! तू कशी आलीस? वांगं लय छान झालतं. कूट तेवढा..."

"नगं," चंद्राबाई म्हणाली. "नगं बोलूस, संयू."

पोर घाबरली होती, पण स्वतःसाठी नाही. आईला लागेल म्हणून घाबरली होती. सहावीत सहलीच्या गाडीपासून दप्तर घेऊन माघारी आली तेव्हा हेच तोंड होतं. तेव्हा चंद्राबाईनं त्याला माया म्हटलं होतं आणि गावभर मिरवलं होतं. देवासमोर बसून तिनं नेम धरला होता, आणि त्याचं दावं पोरीच्या गळ्यात बांधलं होतं. तिला देवाची लाज वाटली. बनुबाईची तर जास्तच वाटली, कारण बनुबाई खराटा घेऊन बाजूला झाली आणि जाता जाता म्हणाली, "पोर गुणाची हाय बाई तुमची. अन्न टाकत न्हाई."

"प्रॅक्टिकल किती वाजेस्तवर असतंय?" पोरीच्या हातातला ओला डबा काढून घेत चंद्राबाईनं विचारलं.

"साडेबारा."

"मग जा. ही रिक्षा उभी हाय."

"आणि तू? तू जेवली नाहीस."

"जा म्हणते न्हवं!" आवाज चढला. मग तिनं पोरीच्या सॅकचा पट्टा उगाच सारखा केला. "जा बाळा. मॅडमला सांग, आई चुकीचं बोलली म्हणून." आणि लगेच म्हणाली, "न्हाई, तू नगं सांगूस. मीच जाते."

ती गेली. मॅडम तासावर होत्या. चंद्राबाई दारापाशी अर्धा तास उभी राहिली. मॅडम आल्यावर तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि म्हणाली, "तुमाला पोरं न्हाईत असं बोलले मी. माझी जीभ झडू दे." मॅडम म्हणाल्या, "असं नका म्हणू. ती आजपासून प्रॅक्टिकलला बसली तर राहिलेली भरून काढता येतील का, ते सरांना विचारते. नक्की सांगत नाही." समोरच्या कारकुनानं मान वर केली नाही, पण चंद्राबाईला वाटलं, तो ऐकतोय. ऐकू दे, ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ती स्टँडवर गेली. हातात पिशवी नव्हती. रंगूबाई विट्याला जायची म्हणून तिथंच उभी होती, गाडीत ओळखीची चार माणसं होती.

"वैनी, डबा?" अर्जुनानं हात पुढं केला.

"आजपासनं न्हाई."

"का वो? पोरीला सुट्टी हाय?"

'व्हय' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. चंद्राबाईनं खाली बघितलं. "सुट्टी न्हाई, भावजी. माझ्या डब्यापायी तिचं कॉलेज बुडत हुतं. परीक्षा जायची पाळी आली. आन् ती जेवत बी नव्हती."

रंगूबाईचं तोंड उघडं राहिलं. अर्जुना काहीतरी चेष्टा करणार होता, त्यानं ती गिळली आणि घंटी मारली.

घरी येऊन तिनं देवापुढं दिवा लावला. नेम मोडते म्हणून माफी मागावी की धरला म्हणून मागावी, तिला ठरवता येईना. साडेदहाला तिनं ताट वाढून घेतलं. कालचं वांगं उरलं होतं. पहिला घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. पोरीला रोज हेच होत असणार, हे तिला तेव्हा कळलं. ती पाणी प्यायली आणि तिनं दुसरा घास घेतला.

दुपारी फोन आला नाही. एक वाजता स्टँडकडं जायला पाय उठले, तिनं ते आवरले. संध्याकाळी सहाला फोन वाजला.

"आई, प्रॅक्टिकल उशिरापर्यंत चाललं." "जेवलीस?"

"जेवले."

"खरं सांग."

"खरंच. साडेदहाला. कालचं वांगं हुतं." "बनुबाईला सांग, तिचं बराबर हुतं. कूट जास्तच झालता."