वरून ओतलेलं पाणी

हे मी आजवर कोणापुढं काढलं नाही. प्रार्थनेत गुडघे टेकले तरी मी आपली "प्रभू, झाल्या-गेल्या चुका पोटात घाल" असं घाऊक म्हणून मोकळी व्हायची. तुमच्याजवळच का सांगावंसं वाटलं — कोण जाणे. बसा जरा. मी बोलायला लागले की लवकर थांबत नाही, आणि ही गोष्ट तर मला सरळ सांगताच येत नाही.

आमचं घर गावकुसाबाहेरचं. पाणी मागायचं तर ओंजळ पुढं करायची आणि वरून पडेल तेवढं प्यायचं — हे मी चालायच्या आधी शिकले असेन. पुढं वाशीमच्या मिशनात आले, बाप्तिस्मा घेतला, मथुरीची मार्था झाले. वाचायला माझी मीच शिकले, गीतांच्या पुस्तकावर बोट ठेवून ठेवून. पहिल्या प्रभुभोजनाला सगळ्यांचा एकच प्याला माझ्या हातात आला — दुसऱ्याच्या ओठाचा प्याला! — तर तो मला नीट धरताच येईना, रस लुगड्यावर सांडला. देवाच्या घरी आपली किंमत सगळ्यांएवढी. हे मला कळलं होतं हो. नीट कळलं होतं. आणि तरी —

राहू द्या. पुढचं सांगते.

मिशनातल्या मडमबाईंनी मला खेड्यांतल्या बायांना शुभवर्तमान सांगायला पाठवलं. किन्हीराजाच्या पलीकडं एका गावात देशमुखांचं घर. काकूंनी पायरीवरच विचारलं, मूळच्या कोणाच्या तुम्ही? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — कारंज्याकडच्या पाटलांची. काकूंनी ओसरीवर पाट दिला, माझ्यापुरता एक तांब्या काढून ठेवला. ख्रिस्ती बाईचा तांब्या वेगळाच, पण ओसरीवर! त्या पाटावर बसून मी वर्षभर सांगितलं की प्रभू माणसाचं कूळ पाहत नाही. जीभ कशी झडली नाही माझी?

एकदा भर उन्हाळ्यात अंगणात मोळीवाली आली. तिनं डोक्यावरची मोळी उतरवली, वर पाहिलं. भागी. माझी थोरली बहीण — मला कडेवर वागवून तिची कंबर वाकडी झाली, असं आई तिला चिडवायची.

तिनं मला ओळखलं. मग मान खाली घालून म्हणाली, "बाईसाब, घोटभर पानी भेटंल का?"

बाईसाब. कळलं ना तुम्हाला, ती काय करत होती? मला झाकत होती.

काकू आतून म्हणाल्या, "तुमच्या तांब्यातलं द्या तिले. माये हात पिठात हायेत."

माझाच तांब्या. नुसता तिच्या हातात द्यायचा होता. मी ओसरीच्या काठावर उभी राहिले, तांब्या उंच धरला आणि तिच्या ओंजळीत वरून ओतलं. शिंतोडा उडू नये म्हणून पदर सावरून. ती प्याली. पाणी तिच्या कोपरांवरून गळत होतं.

काकू दारात येऊन हसल्या. "ख्रिस्ती झाल्या तरी चाल पाटलाचीच हाये तुमची."

मी पण हसले.

तीन वर्षांनी भागी आपल्या पायानं मिशनात आली. बाप्तिस्म्याच्या दिवशी मंडळीपुढं साक्ष द्यायला उभी राहिली. मी समोरच बसलेली. वाटलं, आता ही माझं नाव घेते.

"एका बाईनं मले वरून पानी पाजलं," ती म्हणाली. "त्या रोजी वाटलं, आपुन मानूसच नाही. आज इथं सगळ्याईच्या तोंडचा प्याला मले देल्ला. आता माही किंमत मले कोनाले इचारायची नाही."

बाया रडत होत्या. बाहेर पडताना पाळकाच्या बायकोनं तिला विचारलं, कोण होती वो ती? भागी म्हणाली, "असंल कोनी. तहान तं भागली."

आणि मी — तिच्या खांद्याला खांदा लावून उभी — मी म्हणाले, "किन्हीराजाकडची देशमुखीण असंल. मले ठाऊक हाये तिचं घर."

भागीनं माझा खांद्यावरून घसरलेला पदर सारखा करून दिला.

बारा वर्षं मी ही गोष्ट गावोगाव सांगितली. देशमुखीण कशी काठावर उभी राहिली, कसा पदर सावरला — बारकावे माझ्याजवळ होतेच ना! लोक डोळे पुसायचे. काहींनी तेवढ्यावर बाप्तिस्मा घेतला. काकूंनी त्या तांब्याला हात लावला नव्हता. वरून ओता, असंही त्या म्हणाल्या नव्हत्या. ते माझं मलाच सुचलं होतं.

भागी मागच्या हिवाळ्यात गेली. कबरीपाशी मंडळीनं मला तिच्याबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. मी तीच गोष्ट सांगितली. देशमुखिणीचीच.