तीन तुकड्यांचं धनुष्य

पिंपळटाकळीच्या उत्तरेश्वर सुताराच्या हाताला तोड नव्हती, पण त्याच्या 'उद्या'ला अख्खं गाव विटलं होतं. पाळणा सांगावा, तर पोर चालायला लागल्यावर पाळणा दारात. पाभर दुरुस्तीला टाकावी, तर शेजाऱ्याची मागून आणून पेरणी उरकावी. भांडायला गेलेला माणूस मात्र चहा पिऊन माघारी यायचा, कारण सबब सांगावी तर उत्तरेश्वरनंच! "लाकूड वाळतंय, दादा. वलं लाकूड लावून तुमाला फसवू का?" एवढ्या मायेनं विचारल्यावर माणूस काय बोलणार? बलुतेदार सहकारी संस्थेच्या पत्र्याच्या शेडात तो एकटाच उरला होता. एके काळी तिथं सुतार, लोहार, चांभार मिळून अकरा सभासद होते. आता दारावरची पाटी तेवढी शाबूत होती. अध्यक्षही हाच आणि झाडू मारणाराही हाच.

अशा माणसाच्या ताब्यात राधाकिशननं आपलं धनुष्य द्यावं? पण दिलं. दोघं शाळेपासूनचे जोडीदार, दुसऱ्या कुणाकडं जाणार!

धनुष्यही साधंसुधं नव्हतं. राधाकिशनचा आजा निजामाच्या अमदानीत एका जहागीरदाराकडं शिकारीत हाका घालायला असायचा. त्या जहागीरदारानं हैदराबादच्या कुण्या कारागिराकडून ही चीज घडवून घेतली होती. मधे पितळेची मूठ, मुठीच्या दोन्ही टोकांना खोबणी. वरच्या खोबणीत एक लाकडी पातं सरकवायचं, खालच्या खोबणीत दुसरं, खिळ्या फिरवून आवळायच्या आणि दोरी चढवायची. काम झालं की तिन्ही तुकडे सोडवून पेटीत. घोड्यावरून नेता यावं म्हणून केलेली ही युक्ती. जहागीर गेली तेव्हा पेटी आज्याला बक्षीस मिळाली आणि दसऱ्याला गावाच्या शिवेपल्याड बाण सोडायचा मान त्या घराकडं आला. बाण शीव ओलांडून गेला की मगच ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडायच्या. राधाकिशननं चाळीस वर्षं बाण सोडला. एकदाही अलीकडं पडला नाही.

मग एका दसऱ्याला वरचं पातं चिरलं. "पंधरा दिवसांत देतो बे," असं म्हणून उत्तरेश्वरनं पेटी शेडात नेली आणि कोपऱ्यात ठेवली. पंधरा दिवसांचं वर्ष कधी झालं, त्यालाही कळलं नाही. वर्षभरानं झाकण उघडतो तर आत नुसता भुगा! वाळवीनं चिरलेलं पातं खाल्लं होतंच, धड होतं तेही खाल्लं होतं. पितळेची मूठ तेवढी मातीनं भरून पडली होती. पंचाहत्तर वर्षं जपलेली वस्तू, आणि आपण ती वाळवीला घातली! त्यानं गपचूप झाकण लावलं आणि बाजारच्या दिवशी राधाकिशनच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, "लाकूड वाळतंय बे."

त्यानंतर दर बाजाराला तो जायचा. राधाकिशन विचारायचा, "काय म्हणतंय धनुष्य?" हा म्हणायचा, "वाळतंय." मग चहा, मग पान, मग धरणात पाणी किती उरलं याच्या गप्पा. दोन दसरे बांबूच्या धनुष्यावर काढले. दोन्ही वेळा बाण शिवेच्या आतच, तुरीच्या रानात पडला. त्यात पावसानंही पाठ फिरवली. माजलगावच्या धरणाचा तळ दिसायला लागला, भागात ऊसच नाही म्हटल्यावर सहकारी कारखान्याचं धुराडं थंड. टोळीचे मुकादम विठ्ठलराव पारावर बसून उघड बोलायचे, "बाण शिवंच्या आत पडला, तवाच वळखायचं व्हतं." हे राधाकिशनच्या कानावर जायचं. तरी बाजारच्या दिवशी ओसरीवरचा चहा ठरलेला.

तिसऱ्या वर्षी श्रावणात राधाकिशनला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. महिन्याभरानं त्याची बायको केसरबाई शेडाच्या दारात येऊन उभी राहिली. तीन वर्षांत ती बाई तिथं कधी आली नव्हती.

"भाऊजी, मूठ डाव्या हातात धरत्यात ना? डावा हात हाय त्यांचा अजून. दोरी तुमी वढा. पर यंदाचा बाण त्यांच्या हातून जाऊ द्या. दुसरं काई मागत न्हाईत ते."

उत्तरेश्वरला मान वर करता येईना. "वैनी, आठ दिवसांत आणतो," तो म्हणाला, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तो शब्द खरा करायला घेतला. धर्मापुरीकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर धामणीचं झाड वठत चाललं होतं, त्याचा ओंडका त्यानं आणला. धामण चिवट, वाकवावी तशी वाकणारी. पण लाकूड अजून ओलं. उत्तरेश्वरची हयात बैलगाड्या करण्यात गेलेली. गाडीचं लाकूड खडखडीत वाळलेलं हवं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं पाती तासली, रंधा मारला आणि तापल्या पत्र्यावर उन्हात टाकली. तेवढ्यानं भागेना म्हणून लोहाराच्या भट्टीजवळ शेकली. बोटानं वाजवली तर टणटण बोलायला लागली. खूश झाला गडी.

नव्या धनुष्याचा पहिला ताण घडवणाऱ्यानं द्यायचा, असा त्या घरचा रिवाज. मोडायचं असेल तर त्याच्या हातात मोडू दे. राधाकिशनची बाज अंगणात आणली होती, पाठीला उशी लावून त्याला बसतं केलं होतं. उत्तरेश्वरनं दोरी ओढली. अर्ध्यावर येते न येते तोच काडकन आवाज झाला, वरचं पातं फुटलं आणि ढलपी त्याच्या गालावर बसली. रक्त आलं. गाल राहू दे, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

राधाकिशनचा चेहरा एका बाजूनं वाकडा होता, तरी तो हसतोय हे कळत होतं. "लई... वाळीवलंस बे," तो एकेक शब्द ओढत म्हणाला. "आजा... पाती रांजणापाशी... टांगायचा. गाडी... न्हाई ही. हिला... वल पायजे."

सुताराला सुतारकी शिकवली! पण खरं होतं. जे लाकूड वाकायचं आहे, त्यातली सगळी ओल घालवली की ते काचेगत फुटतं. दोन वर्षं 'वाळतंय, वाळतंय' म्हणून खोटं सांगितलं, आणि खरंच वाळवलं तर एवढं वाळवलं! उत्तरेश्वरला स्वतःच्या कानफटात मारून घ्यावीशी वाटली.

दसऱ्याला बारा दिवस राहिले होते. नवं लाकूड आणून मुरवायला वेळ नव्हता. केसरबाईनं आढ्यावरून कावडीचं लाकूड काढून दिलं. धामणीचं, पाच हात लांब, दोन्ही टोकांना दोरीचे वळ पडलेलं. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या सासऱ्यानं याच कावडीनं दोन कोसांवरून पाणी वाहिलं होतं. उत्तरेश्वरनं त्यातून दोन पाती काढली आणि घरच्या रांजणावर आडवी टांगली. टँकर चौथ्या दिवशी यायचा. रांजणाच्या तळाला वीतभर पाणी. त्याची बायको भामाबाई कडाडली, "माणसाला प्यायला न्हाई, आन् लाकडाला दमट हवा!" पण गडी हटला नाही. सकाळी दोन-चार हात रंधा, वाकवून बघायचं, पुन्हा टांगायचं. त्या बारा दिवसांत त्यानं कुणालाही उद्या म्हटलं नाही, कारण दुसरं कामच घेतलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राधाकिशनला दुसरा झटका आला.

दसऱ्याच्या दुपारी उत्तरेश्वर पेटी घेऊन गेला, तेव्हा राधाकिशन बाजेवर उताणा पडला होता. डोळे उघडे, पण नजर कशावरच नाही. उत्तरेश्वरनं पाती सरकवली, खिळ्या आवळल्या, दोरी चढवली आणि श्वास धरून ओढली. दोन्ही पाती सारखी वाकली. कुठं कुरकुरसुद्धा नाही.

"झालं बे! बघ तरी!" असं म्हणत त्यानं पितळेची मूठ राधाकिशनच्या डाव्या पंजात दिली. बोटं मिटली नाहीत. त्यानं एकेक बोट वाकवून मुठीभोवती बसवलं. हात सोडला की बोटं पुन्हा सैल. तीनदा केलं.

मग त्याच्यानं राहवलं नाही. "वैनी, माफी करा. लाकूड वाळत न्हवतंच. पयल्याच वर्षी वाळवीनं दोनी पाती खाल्ली. मी दोन वर्षं खोटं बोललो."

केसरबाई नवऱ्याचं तोंड पुसत होती. तिचा हात थांबला नाही. "त्यांला ठावं व्हतं."

"काय?"

"तवाच एकदा तुमी नसताना शेडात गेलते. पेटी उघडून बघून आले. मी म्हणलं, मग जाऊन भांडा की! तर म्हणले, न्हाई. भांडलो तर लाजंनं यायचा बंद व्हईल. दर बाजाराला येतंय, दोन घटका बसतंय. येऊ दे त्याला."

उत्तरेश्वर बाजेच्या कडेला खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. "एकदा तरी शिवी हासडायची की बे!" तो राधाकिशनचा खांदा हलवून म्हणत राहिला.

वेशीबाहेर ट्रक भरून उभे होते. यंदा जवळपास तोड नाही, कर्नाटकात जायचं होतं. केसरबाई म्हणाली, "उठा भाऊजी. लोक खोळंबल्यात. बाण तुमीच सोडा."

"माझ्या हातून नगं, वैनी."

"मग कुणाच्या हातून?"

त्याला उठावंच लागलं. शिवेवर त्यानं दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली. बाण शीव ओलांडून, कोरडा ओढा ओलांडून पलीकडच्या माळावर जाऊन पडला. बायामाणसांनी एकच गलका केला, ट्रकांचे हॉर्न वाजले. मुकादम विठ्ठलरावांनी पुढं येऊन सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

"शाबास सुतार!" ते मोठ्यानं म्हणाले. "यंदा मात्र टायमावर दिलंस."