इवायाच्या दारात छकडी

एकट्या माणसाने गाडी घेताना एकट्यापुरताच विचार करू नये, हे मला गाडी घेतल्यावर कळलं.

तेव्हा सातासमुद्रापार कुठेतरी लढाई पेटली होती आणि इकडे वऱ्हाडात आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अख्खी अमरावती घाईत! शेजारी चालता चालताच रामराम घालायचे आणि बाजाराकडे पळायचे. बायको देवाघरी गेलेली, एकुलती लेक सखू चांदूर बाजारला नांदत होती. घरात बोलायला उरले माझे दोन बैल. (ते सगळं ऐकून घेत, उत्तर देत नसत. बायकोचं नेमकं उलटं होतं.)

सखूला पहिल्या बाळंतपणाला आणायचं ठरलं आणि मी गाडी घ्यायला रहमान मिस्त्रीकडे गेलो. माझ्या ऐपतीत दोनच बसत होत्या. एक जुनी दमणी : वर छप्पर, आत गादी, लोडाला टेकून ऐसपैस बसायचं, पण चाल गोगलगायीची. दुसरी कोरी छकडी, शंकरपटाच्या शर्यतीत पळवतात तसली : बुडाखाली वीतभर फळी, बैलांच्या पाठीवर ओणवं व्हायचं आणि वारा प्यायचा!

"कोनती घेऊ, मिस्त्री?"

"बसनार किती जन?"

"मी एकटाच."

"मंग दमनीत काय हवा बसवता? छकडी घ्या, राजेहो!"

पटलं! जायचं कसं, याचा मी पुरेपूर विचार केला होता. आणायचं कसं, हे डोक्यातच आलं नाही.

सकाळी निघालो. वाटेत एका ज्वारीच्या वावरात मचाणावरच्या बाईने पाखरं हाकलायला "हुर्रर्रऽऽ!" अशी आरोळी ठोकली. माझे बैल जन्मात पटात धावले नव्हते. पण मागे वजनच नाही म्हटल्यावर त्यांनाही तारुण्य आठवलं. समोरून कापसाने लादलेल्या बैलबंड्यांची रांग!

"अबे, काहून पळवून राहिला?" एक गाडीवान ओरडला.

"मी कुठं? हेच मले पळवून राहिले!"

दोन बंड्यांच्या मधून आम्ही सुईतल्या दोऱ्यासारखे पार झालो. अर्धा कापूस मात्र माझ्या अंगाला चिकटला.

सखूचे सासरे, म्हणजे आमचे इवाई, दारातच उभे होते. मी उतरलो खरा, पण पाठ उतरायला तयार नव्हती! नखशिखांत पांढरा, कमरेत काटकोन, असा मी त्यांच्यापुढे ओणवा.

"अरे अरे, पाया काहून पडता? उठा, इवाईबुवा!"

"उठतो ना... पाठ उठून नाही राहिली!"

सखूची सासू, म्हणजे आमच्या ईनबाई, तोंडाला पदर लावून आत पळाल्या. रात्रभर गरम तेलाने पाठ चोळून घेतली.

सकाळी सखू गाठोडं घेऊन, पोट सांभाळत अंगणात आली. तिने छकडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बा, मी बसू कुठं?"

मी फळीकडे पाहिलं. फळी कालच्याइतकीच वीतभर होती.

"पोटुशा पोरीले पटात उतरवता काय?" ईनबाई म्हणाल्या, आणि सगळं अंगण हसलं. मीही हसलो, पण आत कुठेतरी चरचरलं. एक भाकर, एक तांब्या, एक अंथरूण यांची इतकी सवय झाली होती की पोटच्या पोरीसाठी जागा ठेवायची राहिली!

"राहू द्या मंग. बाळंतपन इथंच करू," ईनबाई म्हणाल्या. सखूने मान खाली घातली. मला अमरावतीचं ते मुकं घर दिसलं.

"ईनबाई, पाया पडतो, पोरीले धाडा," मी म्हणालो. "आता खरोखर!"

इवाई खो खो हसले आणि त्यांनी स्वतःची दमणी जुंपली. आत सखू आणि ईनबाई, हाकायला इवाई, पुढे मी. थोडा वेळ मागून त्या तिघांचं हसणं ऐकू येत होतं. मग बैलांना घराची ओढ लागली आणि तेही ऐकू येईना.

घरी पोचलो. अंगण झाडलं, पाणी भरलं, चूल पेटवली, विझली, पुन्हा पेटवली. मग उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिलो. जाणारे-येणारे नेहमीसारखे घाईत.

ऊन कलल्यावर दमणी दारात आली. सखू सासूचा हात धरून जपून उतरली.

"बा, पयले आले काय तुमी?"

"आलो न बाई!" मी छाती काढून म्हणालो. शर्यतीत दुसरं कोणी नव्हतंच, हे काही तिला सांगितलं नाही.