गाळाखालचा खडक

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाचा तलाव गेल्या पावसाळ्यात काठोकाठ भरला आणि दिवाळीतच कोरडा पडला. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्यातला गाळ काढला होता.

या जुलैत बातमीसाठी मी संगमनेरहून तिकडे निघालो. भाची सायली सोबत आली. तिला परराज्यातल्या एका कॉलेजात भूवैज्ञानिक अभियांत्रिकीला जागा लागली होती. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. निघताना तिचे वडील मला म्हणाले, "तुम्हीच समजवा. दगडं बघायला पोरगी एवढ्या लांब धाडायची? पुण्यात कॉम्प्युटर मिळतोय."

घोडेगावला जनावरांचा बाजार होता. म्हशींच्या टेम्पोंमागे गाडी अडकली, म्हणून टपरीवर भजी खाल्ली. शेजारच्या व्यापाऱ्याने सायलीला विचारलं, काय शिकणार? उत्तर ऐकून तो हसला. "त्यापरीस म्हशीचं शिक. दूध तरी देती."

शेवगावच्या पुढे ऊस विरळ झाला. बाजरीची उघडी रानं लागली. तलावाच्या तळात शेळ्या चरत होत्या. कामावर देखरेख केलेले बबनराव भेटले.

"गाळाखाली काय लागलं होतं?" सायलीने विचारलं.

"मुरूम. मग फुटका खडक."

"तरी खोदत राहिलात?"

"गाळ रानात टाकाया रांग लागलेली. खोदाया पोकलेन मशीन आलंच हुतं. खोल गेलं की पानी लई मावतं, आसं वाटलं. फोटोतबी खोली दिसाया पायजे हुती."

सायली वाकली. खडकाच्या एका भेगेत तिची बोटं पेरापर्यंत गेली. इतकी वर्षं त्या भेगा गाळानेच बुजलेल्या होत्या. गाळासोबत बूचही काढलं गेलं.

सायली काय शिकणार ते मी बबनरावांना सांगितलं. बांधावर भारा घेऊन उभी असलेली म्हातारी ते ऐकून म्हणाली, "ह्याचं शिकतीस व्हय? मग गेल्या साली कुठं मेली हुतीस?"

बबनराव हसले. सायली हसली नाही.

या कामाला आराखडा होता, मंजुरी होती, उद्घाटनाला मंडप होता. खडक तपासलेला नव्हता. मी तिथूनच संबंधित कार्यालयात फोन लावला. अधिकारी म्हणाले, "गाळ काढायला भूवैज्ञानिक कशाला?" तलाव कोरडा पडल्याचं त्यांना माहीत होतं. या उन्हाळ्यात शेजारच्या गावात तसंच काम झालं होतं. तिथेही खडक कोणी पाहिला नव्हता.

बबनरावांच्या घरी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. पिण्याचं पाणी टँकरचं होतं.

संगमनेरला वडील दारातच थांबले होते. "झालं का बघून?"

"पप्पा, तिथं कुणी खडक बघितलाच नाही."

"मग तुला तरी कोण विचारणार आहे?"

"नाही विचारलं तरी सांगेन."

सोमवारी दुपारी सायलीने होकार कळवला. तिचे वडील त्या दिवशी घरी जेवले नाहीत.