मुळासकट कळलावी

१९६५, चतुर्थीचा आदला दिवस. मालवणच्या बाजारात कळलावीची जुडी चार आण्यांना ठरली, तेव्हा फुलवालीपुढे मी आणि माझी बायको उभे होतो. गणपतीवरच्या माटवीच्या लाकडी चौकटीला टांगायची ही लाल-पिवळी रानफुलं दरवर्षी ही फुलवालीच गावामागच्या कातळाच्या सड्यावरून आणायची, एकेक पाकळी पदराने टिपून.

जुडी उचलताच मी हबकलो. खाली मुळांचे मातीने माखलेले गड्डे लोंबत होते.

"ह्या काय केलंस गो?"

"फुलां सुकाक नको म्हणान मुळासकट उपटलंय, भाऊनु. सड्यावरची सगळी!"

"आणि फुडच्या वर्सा?"

"झील मुंबैसून प्लॅस्टिकची धाडतलो. ती सुकाचीच नाय!" ती लेकाच्या कौतुकाने हसली.

मी फुलांचे चार आणे तिला दिले. गड्डे कापून परत सड्यावर पुरायचे आणखी चार आणे, तेही तिलाच.